नव्वद की एकशेचाळीस?

पपईचा हंगाम ऐन भरात आला की शहाद्याच्या आसपासच्या शिवारात संध्याकाळपर्यंत ट्रक भरणं चालू असतं. फळ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं, खाली नि बाजूंना पेंढा द्यायचा आणि थरावर थर रचायचे. इथली पपई दिल्लीला जाते, राजस्थान-उत्तर प्रदेशात जाते, कधी त्याहून वर पंजाब-काश्मीरलाही. अशीच एक भरलेली गाडी निघण्यापूर्वी रस्त्याकडेच्या गॅरेजसमोर उभी होती. मागच्या चाकांच्या मध्ये मिस्त्री उताणा पडला होता आणि त्याची करंगळी एका भोकात होती.

ते भोक डिफरन्शियलच्या फुगीर पोटाचं. बूच काढायचं, करंगळी आत घालून वाकवायची. भोकाच्या काठाशीच तेल लागलं तर ठीक, खाली गेलं असेल तर भरायचं. मिस्त्रीने बोट बाहेर काढलं, अंगठ्याशी चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "काळं पडलंय. सगळंच बदलू." क्लीनर दुकानातून दोन डबे उचलून आला. एकावर ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं, दुसऱ्यावर ८५डब्ल्यू-१४०. कोणतं घालायचं?

ड्रायव्हरने निकाल देऊन टाकला. "एकशेचाळीस टाक भाऊ. जाडं तेल चांगलं ऱ्हास."

अहिराणीत 'ऱ्हास' म्हणजे 'राहतं', 'असतं'. प्रमाण मराठीत त्याच अक्षरांचा अर्थ झीज. ते वाक्य मी दोन्ही कानांनी ऐकत राहिलो, कारण या प्रश्नात दोन्ही अर्थ खरे आहेत. जाड तेल लोखंड वाचवतं, आणि जाड तेल लोखंड खातंही. कधी काय, हे ज्यावर ठरतं ते डब्यावर कुठेच स्पष्ट लिहिलेलं नसतं.

त्याआधी ते फुगीर पोट कशाला असतं, ते पाहू. उसाच्या हंगामात याच रस्त्यांवर बैलगाड्याही दिसतात. बैलगाडी जागच्या जागी वळते, कुरकुरते पण अडत नाही. तिचं प्रत्येक चाक आखावर आपापलं फिरतं. बाहेरच्याला जास्त पळावं लागलं तर ते पळतं, आतलं रेंगाळतं. ओढणारे बैल पुढे असतात, चाकांना कोणी फिरवत नाही. ट्रकचं उलट आहे. तिथे चाकालाच जोर द्यायचा असतो, तोही एकाच इंजिनाने दोन्ही बाजूंना. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली तर वळणावर एकाला घसटावंच लागेल.

किती घसटावं लागेल, त्याचं गणित शाळकरी आहे आणि उत्तर मजेशीर. मागच्या दोन बाजूंच्या चाकांमध्ये साधारण १.८ मीटर अंतर धरा. घाटातल्या केसाच्या आकड्यासारख्या वळणावर गाडी पूर्ण उलट फिरते, म्हणजे अर्धवर्तुळ. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा १.८ गुणिले पाय, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर जास्त जातं. वळण मोठं असो की अगदी अरुंद, फरक तेवढाच. तोरणमाळच्या वाटेवरचा सातपायरी घाट घ्या किंवा धडगावकडे चढणारा चांदशैली घाट. प्रत्येक उलट्या वळणाला साडेपाच मीटरचं कर्ज, आणि ते दोन चाकांमध्ये कुणीतरी वाटून द्यायला हवं. ही वाटणी करणाऱ्या दातेरी चाकांच्या रचनेचं पेटंट ओनेसिफोर पेक्योर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२८ साली घेतलं. तो मुळात घड्याळजी. डिझेल इंजिन जन्मायला अजून साठ-पासष्ट वर्षं होती. त्याला ती रचना हवी होती वाफेच्या गाडीसाठी.

पण तेलाची खरी परीक्षा या वाटणीत नाही. वाटणी करणारे छोटे गिअर सरळ रस्त्यावर एकमेकांसापेक्ष जवळजवळ स्थिरच असतात. परीक्षा आहे त्याच्या अलीकडे, जिथे लांब दांड्यावरून आलेली फिरकी काटकोनात वळून चाकांकडे जाते. तिथे एक छोटा पिनियन आणि एक परातीएवढा क्राऊन. गॅरेजमध्ये या जोडीला एका श्वासात 'क्राऊन-पिनियन' म्हणतात आणि ती गेली असं कळलं की मालकाचा चेहरा पडतो.

समजा पिनियनला ६ दात आहेत आणि क्राऊनला ४१. म्हणजे पिनियनचे जवळपास सात फेरे झाले की क्राऊनचा एक. वेग कमी होतो, जोर तेवढ्याच पटीने वाढतो. आणि ४१च का, ४२ का नाही? ४२ला सहाने भाग जातो. मग पिनियनचा एक दात क्राऊनच्या त्याच सात दातांना आयुष्यभर भेटत राहील आणि त्याच्यातला एखादा बारीक दोष त्याच सात जणांना कोरत बसेल. ४१ला सहाने भाग जात नाही, म्हणून प्रत्येक दात आळीपाळीने प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते.

ट्रकमधली ही जोडी बहुधा 'हायपॉइड' असते. पिनियनचा आस क्राऊनच्या मध्यातून न जाता थोडा बाजूला सरकवलेला. अमेरिकेच्या ग्लीसन कंपनीने असे गिअर कापायची यंत्रं केली आणि १९२६च्या सुमारास पॅकार्ड मोटारींत ते बसले. मोटारवाल्यांना हवी होती गाडीची ठेंगणी बैठक. पिनियन खाली सरकला की फिरता दांडाही खाली जातो. ट्रकवाल्यांना त्यातला दुसरा फायदा महत्त्वाचा: पिनियन जाडजूड करता येतो आणि एका वेळी जास्त दात भार उचलतात. त्याची किंमत मात्र आहे. साध्या गिअरचे दात एकमेकांवर बरेचसे लोळतात. हायपॉइडचे दात लोळतात आणि लांबीच्या दिशेने घासतातही. चाकू निसण्यावर ओढावा तसे, टनावारी दाबाखाली, मिनिटाला शेकडो वेळा.

आता कल्पना करा, या दोन पोलादी दातांमध्ये तेल कितीसं उरत असेल. दाब असतो वातावरणाच्या दहा हजार पट किंवा त्याहूनही जास्त. जगातल्या सगळ्यात खोल समुद्राच्या तळाशी दाब साधारण अकराशे वातावरणांचा. म्हणजे शहाद्याहून निघालेल्या पपईच्या गाडीखाली मारियाना गर्तेच्या दसपट दाब तयार होतो आणि पातळसा तेलाचा थर तो सोसतो. थराची जाडी एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा.

तेल तिथून पिळून बाहेर का पडत नाही? हे कोडं अभियंत्यांना बरीच वर्षं पडलं होतं. जुन्या सूत्रांनी हिशेब केला की उत्तर यायचं: थर टिकूच शकत नाही, गिअर झिजून जायला हवेत. आणि गिअर तर वर्षानुवर्षं नीट चालत होते! उत्तराचे दोन भाग निघाले. एक, एवढ्या दाबाखाली पोलादही किंचित चेपतं आणि तेलाला बसायला चपटी जागा करून देतं. दुसरा भाग मला फार आवडतो. दाब वाढला की तेल दाट होतं. थोडंथोडकं दाट नव्हे, लाखो पटींनी. दातांच्या चिमटीत सापडल्यावर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळ ते मेणासारखं घट्ट होतं, भार पेलतं आणि चिमटीतून सुटलं की पुन्हा वाहू लागतं. पळून जायला त्याला सवडच मिळत नाही. सोव्हिएत संशोधकांनी याचा पाया घातला आणि १९५९ साली इंग्लंडच्या लीड्समध्ये डाउसन आणि हिगिन्सन यांनी आकडेमोडीने चित्र पक्कं केलं.

त्या आकडेमोडीतून एक गोष्ट निघते, ती ऐकून ड्रायव्हरचा विश्वासच बसला नसता. दातांवरचा भार दुप्पट केला तरी तेलाचा थर दहा टक्क्यांहूनही कमी पातळ होतो. पण तेलाचा दाटपणा निम्मा झाला, किंवा दात फिरण्याचा वेग निम्मा झाला, की थर जवळपास चाळीस टक्के घटतो. थराला ओझ्याची तितकी भीती नाही. भीती आहे ती उष्णतेची आणि मंद चालीची.

म्हणूनच घाट. सुरतेकडून येणारा महामार्ग नवापूर, विसरवाडी ओलांडून साक्रीकडे जातो तेव्हा मध्ये कोंडाईबारीचा चढ लागतो. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने रांगते. सपाटीवर ४० किलोमीटरच्या वेगाला पिनियन मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे घेत असेल, तर इथे चारशेच. वेग गेला. जोर मात्र पुरा लागलेला. समजा इंजिनाचे दीडशे अश्वबळ या जोडीतून जातायत आणि त्यातले चार टक्के घर्षणात वाया जातायत. ते चार टक्के म्हणजे साडेचार किलोवॉट, न्हाणीघरातले दोन मोठे गिझर त्या आठ-दहा लिटर तेलात बुडवून चालू ठेवल्यासारखं. त्यात एप्रिल-मे महिना, बाहेर ४२-४३ अंश आणि चाल मंद असल्यामुळे हौसिंगला, म्हणजे त्या फुगीर पोटाला, वाराही लागत नाही. तेल तापतं, तापलं की पातळ होतं. वेग आणि दाटपणा दोन्ही एकाच वेळी पडतात.

तेव्हा ड्रायव्हरचं काय चुकलं? जाड घ्यावं, हेच तर सिद्ध झालं.

थांबा. त्या नंबरांचा अर्थ लावू. ९० किंवा १४० हे तेलाचं वजन नव्हे. इंग्रजीत या आकड्याला 'वेट' म्हणायची पद्धत आहे, म्हणून हा गोंधळ; तराजूशी त्याचा काही संबंध नाही. एका ठरलेल्या तापमानाला, १०० अंश सेल्सिअसला, तेल किती आळसाने वाहतं त्यावरून नंबर पडतो. शाळेच्या पुस्तकात याला विष्यंदिता म्हणतात. मोजायचं एकक सेंटिस्टोक. २० अंशांचं पाणी १ सेंटिस्टोक. ९० नंबरचं तेल १०० अंशांना साडेतेरा ते साडेअठरा, १४० नंबरचं २४ ते साडेबत्तीस. मधल्या पोकळीत ११० नंबर आहे. तो नंतर आला. २००५ पर्यंत ९०चा पट्टाच १३.५ ते २४ इतका ऐसपैस होता, म्हणजे एकाच नंबराच्या दोन डब्यांत बराच फरक असू शकायचा. आणखी एक गंमत. इंजिनाच्या ४० नंबर तेलाचा दाटपणा १०० अंशांना १२.५ ते १६.३, ५० नंबरचा १६.३ ते २१.९. म्हणजे 'नव्वद' नंबरचं गिअर तेल इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्याच जवळपास बसतं! दोन्हींची मोजपट्टी मुद्दाम वेगळी ठेवलीय, डबे बदलू नयेत म्हणून. नव्वद ऐकून ते चाळीसच्या दुप्पट दाट, असं मीही बरीच वर्षं समजत होतो.

आता माझा आवडता हिशेब. बाजारात मिळणारं सर्वसाधारण ८५डब्ल्यू-१४० घ्या. ४० अंशांना ते साडेतीनशे सेंटिस्टोकच्या पुढे असतं, १०० अंशांना सव्वीसवर येतं. चौदापट पातळ! ८०डब्ल्यू-९० तेच अंतर १४० सेंटिस्टोकवरून पंधरापर्यंत उतरतं. दोघांच्या उताराच्या रेषा कागदावर काढा आणि शोधा, ९० नंबर सव्वीस-सत्तावीसवर कधी असतो? साधारण ८० अंशांना. म्हणजे ८० अंशांवरचं नव्वद आणि १०० अंशांवरचं एकशेचाळीस यांचा दाटपणा जवळपास एकच. दातांना नंबर वाचता येत नाही, त्यांना फक्त आत्ताचा दाटपणा कळतो. त्यांच्या लेखी या दोन डब्यांतला सगळा फरक वीस अंशांचा.

तर प्रश्न जाड की पातळ हा नाहीच. प्रश्न आहे: तुझं हौसिंग किती तापतं?

आणि इथे 'ऱ्हास'चा दुसरा अर्थ येतो. क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो आणि फिरताना तो तेल वर फेकतो. त्याच शिंतोड्यांवर पिनियन आणि त्याची बेअरिंगं जगतात. पंप वगैरे काही नाही. म्हणजे क्राऊन ही एक रवी आहे आणि तेल हे ताक. ताक पातळ असेल तर रवी सहज फिरते. श्रीखंडाच्या चक्क्यात रवी घातली तर? हात भरून येतात, कारण सगळी ताकद घुसळण्यात जाते. जाड तेल घुसळायला जास्त शक्ती लागते आणि ती शक्ती उष्णता होऊन त्याच तेलात उतरते. गरजेपेक्षा जाड तेल घातलं की ते स्वतःला तापवतं. तापलं की पातळ होतं, म्हणजे ज्यासाठी घातलं त्यातला काही भाग तिथेच गमावतं आणि वर डिझेल खातं. तापलेलं तेल लवकर म्हातारंही होतं. दर दहा अंशांना आयुष्य निम्मं, असा ढोबळ ठोकताळा आहे. सपाटीवरच्या महामार्गावर, रात्रीच्या गारव्यात, एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला म्हणून नव्वद पुरतं आणि परवडतं. कोंडाईबारी किंवा चांदशैली दिवसाआड चढणाऱ्या गाडीला एकशेचाळीस लागतं. आपल्याकडच्या अवजड ट्रकांच्या पुस्तिकांत मागच्या आखाला ८५डब्ल्यू-१४० आणि गिअरबॉक्सला ८०डब्ल्यू-९० ही जोडी वर्षानुवर्षं दिसते. नव्या गाड्यांत दीर्घ मुदतीची, कृत्रिम तेलं पातळ नंबरांकडे सरकतायत. पुस्तिका आधी, गॅरेजची मतं नंतर. हे मी गॅरेजमध्ये बसून लिहितोय, तरीही.

आता डब्ल्यूच्या आधीचा आकडा. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. आणि आपली गाडी तर डिसेंबरात दिल्लीला चाललीय. ते ८५डब्ल्यू-१४० दहा अंशांना साडेतीन हजार सेंटिस्टोकच्या वर जातं, शून्याला दहा हजारांच्या घरात, म्हणजे मधासारखं. पहाटे ढाब्यासमोरून गाडी हलते तेव्हा क्राऊन या मधात रुततो, तेल उडत नाही, नुसतं बाजूला सरतं आणि तिथे एक खाच राहते. पिनियनच्या बेअरिंगला पहिले शिंतोडे पोचायला वेळ लागतो. ही गोष्ट अमेरिकन मानकाने फार गांभीर्याने घेतली आहे. एका विशिष्ट आखावर चाचण्या घेताना दिसलं की तेल दीड लाख सेंटिपॉइजपेक्षा दाट झालं तर पिनियनची बेअरिंगं जाऊ शकतात. तोच आकडा सीमारेषा ठरला. ८५डब्ल्यू ही रेषा उणे १२ अंशांपर्यंत ओलांडत नाही, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत, ७५डब्ल्यू उणे ४० पर्यंत. नंदुरबारकराला उणे १२चं काय? सातपुड्यात डाब-तोरणमाळच्या बाजूला थंडीच्या लाटेत दव गोठल्याच्या बातम्या येतात, तरी तिथेही ८५डब्ल्यूला धोका नाही. श्रीनगरला पपई उतरवणाऱ्यालाही बहुतेक नाही. पण द्रास-कारगिलकडे जाणाऱ्याने तो छोटा आकडा नीट वाचावा.

नंबर बरोबर निवडला म्हणून सगळं झालं असंही नाही. मंद चालीत, तापलेल्या तेलात कधीतरी थर फाटतोच आणि पोलाद पोलादाला भिडतं. दोन्हीकडची उंच टोकं क्षणभर इतकी तापतात की वितळून एकमेकांना चिकटू शकतात. त्या क्षणासाठी तेलात गंधक आणि फॉस्फरस असलेली रसायनं मिसळलेली असतात. जिथे पोलाद धोकादायक तापेल, तिथेच आणि तेव्हाच ती त्याच्याशी संयोग पावतात आणि मऊ, घसरती साय धरतात. ती घासून जाते, पुन्हा धरते. गिअर तेलाला जळक्या लसणासारखा वास येतो तो याच गंधकाचा. हे काम पूर्वी कोण करायचं माहीत आहे? देवमासा. स्पर्म व्हेलच्या तेलावर गंधकाची प्रक्रिया करून ते गिअर तेलात मिसळत. १९७०च्या सुमारास अमेरिकेने या देवमाशाला संरक्षण दिलं तेव्हा तेल कंपन्यांची धावपळ उडाली होती.

डब्यावर जीएल-५ लिहिलेलं असतं ते या रसायनांच्या ताकदीबद्दल. हायपॉइडला तेच हवं. जीएल-४मध्ये ताकद कमी. मग सगळीकडेच पाच का घालू नये? मी घातलं होतं. एका जुन्या जीपच्या गिअरबॉक्समध्ये, दुकानदाराने "हे भारी आहे" म्हटल्यावर. त्या गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा होत्या आणि गरम तेलातला तिखट गंधक पितळ-तांब्याला चावतो. वर्षभरात तिसरा गिअर करकरायला लागला.

इकडे मिस्त्रीने खालचं बूच सोडलं होतं. जुनं तेल काळ्या काकवीसारखं घमेल्यात पडत होतं. बुचाच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर काजळासारखा मऊ लगदा जमला होता. त्याने तो बोटांत चोळला, कुठे चमकता तुकडा लागतो का पाहिलं. लगदा असणारच, तुकडा नको. तेल दुधाळ नव्हतं, तेही पाहिलं. पावसाळ्यात तापलेली गाडी फरशीवरच्या पाण्यातून गेली की हौसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हौसिंगच्या श्वास घ्यायच्या भोकातून, किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. मग तेलाचं ताक होतं. ब्रीदरची टोपी त्याने तारेने साफ केली. ती बुजली तर तापलेली हवा तेलालाच ढकलत ब्रेकच्या लायनरपर्यंत नेते.

"दादा, घाट किती?" त्याने खालूनच विचारलं.

"जाताना सेंधव्याचा. येताना माल कुठला मिळतो त्यावर."

"उन्हाळ्यात कुठे असता?"

"नवापूर-धुळे. गिट्टी नाहीतर सिमेंट."

मिस्त्री जरा थांबला आणि मग एकशेचाळीसचा डबा मागितला. ड्रायव्हरने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्याचं उत्तर बरोबर होतं, कारण मात्र गिट्टीचं होतं, पपईचं नव्हे. पण ते मी त्याला सांगितलं नाही. तेल भोकातून ओघळायला लागलं तेव्हा भरणं थांबवलं, ओघळ थांबल्यावर बूच आवळलं, फडक्याने पुसलं.

"पहिले दहा किलोमीटर दमानं," मिस्त्री कपडे झटकत म्हणाला. "आणि चढ संपला की उतरून हौसिंगला तळवा लावा. हात ठेववत नसेल तर पाच मिनिटं चहा घ्या."

गाडी खेतियाच्या दिशेने निघाली. हवेत गारवा होता. हौसिंगमध्ये त्या वेळी घट्ट काकवी होती आणि क्राऊन तिच्यात नुकता फिरू लागला होता.